समुद्रातल्या धोंड्यांना नावं कुणी ठेवली?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण किनाऱ्यावर राहत असाल तर नक्की वाचा.

सध्या एक रील फिरतोय. ड्रोनमधून घेतलेला. काळा कातळ, खाली फेसाळतं पाणी, मागे कसलंसं गाणं, आणि वर ठळक अक्षरात 'कोकणातली सीक्रेट केव्ह'. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा तो किनारा आहे हे इकडच्या माणसाला दोन सेकंदांत कळतं. रील करणाऱ्याने मात्र गावाचं नावसुद्धा दिलेलं नाही. खाली शेकडो लोक विचारतायत, लोकेशन काय, लोकेशन काय.

त्या जागेला नाव आहे हो. देवघळी. सीक्रेट वगैरे काही नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

घळ म्हणजे कातळातली चिंचोळी खोल भेग. आणि देव म्हणजे कशेळीचा कनकादित्य, कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एकाचा देव. कथा अशी सांगतात की सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून एक व्यापारी सूर्याच्या मूर्ती घेऊन गलबताने दक्षिणेला निघाला. कशेळीसमोर गलबत अडलं, काही केल्या हलेना. तेव्हा त्याने एक मूर्ती किनाऱ्यावरच्या कपारीत आणून ठेवली आणि गलबत पुढे सरकलं. नंतर गावातल्या कनका नावाच्या सूर्यभक्त बाईला दृष्टांत झाला, गावाने मूर्ती वर आणली, देऊळ उभं राहिलं. बाईच्या नावावरून देव कनकादित्य झाला, आणि मूर्ती जिथे होती ती कपार झाली देवाची खोली.

आता हे असंच्या असं घडलं का, तर मी तिथे नव्हतो. पण एक बघा. कशेळी गावाचं नाव शिलाहार राजा दुसरा भोज याच्या ताम्रपटात आहे. शके १११३, म्हणजे इ. स. ११९१. आठशे वर्षांपेक्षा जास्त झाली. राजाला गाव दान द्यायचं होतं म्हणून गावाचं नाव तांब्यावर कोरलं गेलं. घळ कुणी दान देत नाही, घेत नाही. घळीचा शेतसारा येत नाही. म्हणून घळीचं नाव तांब्यावर आलं नाही. ते नुसतं तोंडातोंडी चालत आलं. आजीने नातवाला सांगितलं, नातवाने पुढे.

ही जी तऱ्हा आहे ना, ती मालवणपासून अलिबागपर्यंत सगळीकडे तीच आहे. जमिनीवरच्या नावांना कागद मिळाला. भरतीच्या रेषेच्या पलीकडल्या नावांना मिळाला नाही. सातबारा किनाऱ्यावर येऊन संपतो. गावनकाशात शेवटचा सर्व्हे नंबर संपला की पुढे निळा किंवा कोरा पट्टा. त्या पट्ट्यात किती नावं आहेत ते कालवं काढायला जाणाऱ्या बाईला विचारा.

मी पंधरा-वीस वर्षं या किनाऱ्याच्या बातम्या करतोय. त्यातून एक लक्षात आलंय. ही नावं हौसेने ठेवलेली नाहीत. ती कामाची हत्यारं आहेत. जाळं, वल्हं, तसं नाव.

शब्दांपासूनच सुरुवात करू. घाटावरच्या माणसाला सगळा दगडच दिसतो. किनाऱ्यावर तसं चालत नाही. पाण्यातून एकटा डोकं वर काढून बसलेला तो धोंडा, किंवा धोंड. ओहोटीला उघडी पडणारी, भरतीला बुडणारी खडबडीत दगडांची पट्टी ती खडप. वर पठारासारखा पसरलेला उघडा कातळ तो सडा. भेग ती घळ. आणि वाळूचा किनारा ती वेळ. हा शेवटचा शब्द तर फार जुना. संस्कृतात वेला म्हणजे किनारा. वेळास, वेळणेश्वर, शिरोड्याचं वेळागर, ही सगळी त्याचीच लेकरं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाला लागून एक छोटीशी पुळण आहे, तिला राणीची वेळा म्हणतात. ताराराणींशी तिचा संबंध जोडतात. पर्यटकांना वाटतं राणीच्या आंघोळीची वेळ, म्हणजे घड्याळातली! सकाळी की संध्याकाळी असं विचारणारेही भेटतात. दोष त्यांचा नाही. किनारा या अर्थाने 'वेळ' हा शब्द आपणच बोलायचा सोडला.

आता गुहागर तालुक्यातलं हेदवी घ्या. तिथे उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. काळ्या कातळात सरळ चिरत गेलेली अरुंद भेग. पाणी आत शिरतं, पुढे वाट नाही, मागून दुसरी लाट ढकलते, आणि दाबलं गेलेलं पाणी धाडकन उभं वर उडतं. उधाणाच्या भरतीला हा खेळ बघण्यासारखा असतो. समुद्र असा दगड का कापतो, तर कातळात मुळातच कमजोर रेघा असतात. थंड होताना पडलेल्या चिरा म्हणा, नाहीतर मागाहून घुसलेल्या रसाच्या पट्ट्या. तिथे लाट हजारो वर्षं टोकत राहते. आजूबाजूचा घट्ट दगड टिकतो, मधली रेघ झिजते. झाली घळ.

या नावात 'घळ' आहे हे महत्त्वाचं. नाव ऐकूनच कळतं की इथे पायाखाली भेग आहे, कड्यावर जाऊ नको, दगड ओला असेल तर मुळीच नको. त्याला 'वॉटर फाउंटन पॉइंट' म्हटलं की काय होतं? फाउंटन म्हणजे बागेतलं कारंजं. कारंज्याजवळ माणूस फोटो काढायला जातो. मी कुणाच्या इंग्रजीवर चिडलेलो नाही. पण आमच्या जुन्या नावात जी सूचना होती ती नव्या नावातून गळून पडली, आणि मग तिथे लाल रंगाचा 'धोका' बोर्ड लावावा लागतो. तो खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात गंजतो.

मालवणचा मोरयाचा धोंडा सगळ्यांना माहीत आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा इथे केली असं मानतात. दगडावर गणपती कोरलाय, चंद्र-सूर्य आहेत, शिवलिंग आहे, पादुका आहेत. म्हणून मोरया. म्हणजे बघा, एक साधा समुद्रातला धोंडा. त्याच्यावर राज्याचं मोठं काम सुरू झालं आणि त्याला देवाचं नाव मिळालं. पण आडनाव धोंडाच राहिलं! कुणी त्याला मोरया शिला, मोरया स्मारक असं काही केलं नाही. लोकांनी देव आणि धोंडा दोन्ही ठेवले.

हा धोंडा नशीबवान. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, तेव्हा हद्दीच्या वर्णनात मोरयाचा धोंडा आला. म्हणजे सरकारला समुद्रात हद्द सांगायची वेळ आली तेव्हा सरकारला कोळ्या-गाबितांच्या तोंडचं नावच घ्यावं लागलं. समुद्रात दुसरं धरायला असतं तरी काय? ना बांध, ना आंब्याचं झाड.

बाहेरून आलेल्यांनी काय केलं ते बघू. त्यांनी जे लांबून दिसलं त्यावरून नाव ठेवलं. वेंगुर्ल्याच्या समोर खोल पाण्यात जो खडकांचा आणि छोट्या बेटांचा पुंजका आहे, त्याला पोर्तुगीज खलाशी 'जळकी बेटं' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. काळीकुट्ट, झाडोरा नाही, जळल्यासारखी दिसणारी. इंग्रजांनी त्याचं सरळ भाषांतर केलं, 'बर्न्ट आयलंड्स'. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तकात या किनाऱ्यासमोरच्या बेटांची एक माळ दिली आहे. त्यातलं 'सेसेक्रिएनाय' म्हणजे हेच खडक असावेत असं काही अभ्यासकांचं मत आहे. दोन हजार वर्षं परदेशी लोक या दगडांना नावं देतायत. का? तर जहाज आपटू नये म्हणून. तेसुद्धा कामाचंच नाव होतं, मान्य. फक्त काम वेगळं. त्यांना त्या खडकापासून लांब राहायचं होतं. आमच्या माणसाला त्याच्या जवळ जायचं होतं, कारण मासा खडकाला धरून असतो.

आणि जवळ गेलेल्याला वेगळंच दिसतं. त्या बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात. पाकोळी म्हणजे चिमुकला, काळपट, दिवसभर हवेत उडणारा पक्षी. आपल्या लाळेने घरटं बांधतो आणि गुहेच्या छताला चिकटवतो. चीनकडे त्या घरट्याचं सूप करून पितात, त्याला सोन्यासारखा भाव. त्यापायी इथून घरट्यांची चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांनी या शतकाच्या सुरुवातीला ते उघड केलं आणि गुहेला राखण बसवायला लावली. तर ज्याला लांबून जळकं दिसलं त्याने जळकं म्हटलं, आणि ज्याने आत डोकावलं त्याने पाकोळीचं घर म्हटलं. नकाशावर यातलं काय आहे? वेंगुर्ला रॉक्स. निवतीवाले निवती रॉक म्हणतात. 'रॉक' आता मालवणी शब्द झालाय, त्याला काय करणार.

घारापुरीची गोष्ट शाळेत वाचलेली असेल. धक्क्याजवळ दगडी हत्ती होता म्हणून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. पुढे इंग्रजांनी तो हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो फुटला. १८६४ च्या सुमारास त्याचे तुकडे मुंबईला आणले, आणि आज जोडलेला हत्ती भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती गेला, हत्तीचं नाव बेटावर राहिलं. ग्रामपंचायत घारापुरी, गावं राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर, आणि १९८७ पासून जागतिक वारसा यादीत मात्र एलिफंटा. तिथल्या माणसाने दाखल्यावर एक पत्ता लिहायचा आणि पाहुण्याला दुसरा सांगायचा.

थोडं विषयांतर. आंग्र्यांचं बघा. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राच्या पोटात प्रवाळाचं मोठं पठार आहे. इंग्रजांच्या नकाशावर त्याचं नाव पडलं 'आंग्रिया बँक'. ज्या आंग्र्यांना हे लोक जन्मभर चाचे म्हणत राहिले, त्यांचं नाव स्वतःच्या नकाशावर स्वतःच्या हाताने लिहून गेले. मला यात फार गंमत वाटते. उलट १९९८ साली आपल्या सरकारने खांदेरीला कान्होजी आंग्रे बेट असं नाव दिलं. हेतू चांगला, मान योग्य माणसाला. पण थळच्या होडीवाल्याला विचारा कुठे चाललास, तो खांदेरीच म्हणणार. तिथे एक दगड आहे, दुसऱ्या दगडाने ठोकला की भांड्यासारखा टणटण वाजतो. लोक बेटावर वेताळाच्या दर्शनाला आणि तो दगड वाजवायला जातात. मुरुडसमोरच्या पद्मदुर्गाचंही तसंच. किल्ल्याचं राजमान्य नाव पद्मदुर्ग, दर्यावरचं नाव कासा. साडेतीनशे वर्षांत कासा पुसलं गेलं नाही.

म्हणजे वरून दिलेलं प्रत्येक नाव वाईट, असं मी म्हणत नाही. वरून दिलेलं नाव पाटीवर जातं आणि खालचं नाव तोंडात राहतं. दोन्ही गुण्यागोविंदाने नांदत होती. मग आत्ता बिघडलं काय?

एक तर जीपीएस आलं. पूर्वी समुद्रातली जागा कशी धरायचे? खुणांनी. अमुक देवळाचा कळस आणि त्याच्यामागचं डोंगराचं टोक एका रेषेत आलं, ही एक रेघ. दुसऱ्या बाजूला बंदराचं टोक आणि मोठा माड एका रेषेत आले, ही दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली खडक. आता त्या खडकाला नाव असल्याशिवाय बापाने पोराला शिकवायचं कसं? नाव हीच वही. मशीन आल्यावर जागा नंबरने साठवता येते. बटण दाबलं की होडी तिथे. मशीन वाईट नाही, त्याने जीव वाचतात. पण विशीतला पोरगा आज पॉइंटचे नंबर सांगतो. नाव विचारलं तर म्हणतो, बाबाक विचारा.

दुसरं, पर्यटन. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात. त्याचं नाव झालं त्सुनामी आयलंड. ज्या लाटेने अडीच-तीन हजार किलोमीटरवर लाखोंचे जीव घेतले तिच्या नावाने आपल्याकडे बनाना राइड चालते. पण इथे मी गप्प बसतो, कारण हे नाव धंदा करणाऱ्या स्थानिकांनीच उचलून धरलंय, त्यांची चूल त्यावर पेटते. आणि एका अर्थाने हेही जुन्याच रीतीने पडलेलं नाव आहे. काहीतरी मोठं घडलं, जागा बदलली, नाव पडलं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्यासाठीच ही पोस्ट.

किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड, याची अधिसूचना २०११ ला आली, मग २०१९ ला नवी आली. त्याखाली प्रत्येक जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा करायचा असतो, नकाशांसकट. २०११ च्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय की मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामायिक वापराच्या जागा, जेट्टी, मासे सुकवायच्या जागा हे सगळं मोठ्या प्रमाणावरच्या, म्हणजे सर्व्हे नंबर दिसतील अशा नकाशांवर दाखवायचं. हे आराखडे सुनावणीला येतात. अशाच एका सुनावणीला मी बातमीसाठी बसलो होतो. भिंतीवर नकाशा, रंगीत पट्टे, साहेब लेझरचा लाल ठिपका फिरवतायत. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. म्हणाला, "साहेबानू, ह्या नकाशात आमची धोंड खंय आसा?" साहेबांनी विचारलं, कुठली धोंड? म्हाताऱ्याने नाव सांगितलं. साहेबांनी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने फाइल चाळली. "असं नाव नोंदीत नाही." म्हातारा म्हणाला, "मगे आमी रोज खंय जातंव?"

सभागृह हसलं. मीही हसलो. रात्री बातमी लिहिताना मात्र ते हसण्यासारखं राहिलं नाही. नोंदीत नाव नाही म्हणजे नोंदीपुरती ती जागा रिकामी आहे. आणि रिकाम्या जागेवर काहीही आखता येतं. जेट्टी, बंधारा, तरंगतं हॉटेल, वाळू उपसा. हरकत घ्यायची तर अर्जात लिहायचं काय? 'तिथे, त्या दगडाजवळ'? अधिकारी मुद्दाम खोटं करतो असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे उपग्रहाचं चित्र असतं. चित्रात दगड दिसतो, दगडाचं नाव दिसत नाही. आणि तिथे कोण जातं, कधी जातं, काय आणतं, हे तर बिलकुल दिसत नाही.

नाव टिकलं तर माणूस कसा टिकतो याचं एक जुनं उदाहरण देतो. राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत, सव्वीस लेणी, दोन हजार वर्षांच्या आसपासची. शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात महाभोज मांदव घराणं आहे, पण वैद्य आणि माळीही आहेत. जवळच मांदाड नावाचं गाव आहे आणि अभ्यासक ते नाव त्या मांदवांशी जोडतात. राज्य गेलं, भाषा बदलली, धर्म बदलला, गावाच्या नावात घराणं उरलं. आणि त्या माळ्याचं नाव आपल्याला आज का माहीत आहे? कारण त्याने ते दगडावर कोरून घेतलं. ज्या लेण्यांचा करविता लोक विसरले त्यांचं काय झालं? ती पांडवांच्या नावावर जमा झाली. एका रात्रीत खोदली, कोंबडा आरवला, काम अर्धं राहिलं. महाराष्ट्रभर हीच गोष्ट. बिचाऱ्या पांडवांना वनवासात दुसरा धंदाच नव्हता!

तर करायचं काय? मला विचाराल तर ग्रामसभेचा ठराव. गावच्या किनाऱ्यावरच्या आणि समोरच्या पाण्यातल्या सगळ्या धोंडी, खडपं, घळी, गुहा, वेळा यांची यादी. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: जागा नेमकी कुठे (पोरांच्या मोबाईलमध्ये अक्षांश-रेखांश मिळतो), तिथे कोण काय करतं, आणि नावामागची गोष्ट असेल तर ती. गोष्ट खरी की खोटी यावर ग्रामसभेत वाद घालू नका, दोन गोष्टी असतील तर दोन्ही लिहा. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना, एक मत्स्य विभागाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घ्या. पोचेशिवाय घरी येऊ नका. पुढच्या सुनावणीत तो कागद टेबलावर ठेवता येईल.

आणि यादी करताना फक्त होडीवाल्यांना विचारू नका. ते खोल पाण्यातलं सांगतील. किनाऱ्यालगतच्या खडपांची नावं बायकांकडे आहेत. सुकतीला कोयती-टोपली घेऊन कालवं काढायला त्या जातात, कुठला दगड निसरडा, कुठे पाणी मागून येऊन वाट बंद करतं, हे त्यांनाच ठाऊक. ग्रामसभेला त्या मागे बसतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. सभा भांगाच्या दिवशी ठेवा. उधाणाच्या अमावास्या-पुनवेला ओहोटी लांब जाते, खडपं उघडी पडतात, त्या दिवशी त्या सभेला येणार नाहीत, कामावर असतील.